क्रमांक एक, अर्थ तीन : सिस्टिम कॉलचा माग काढताना

लिनक्सवरच्या प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की स्क्रीनवर अक्षर उमटवायचं असो, त्यासाठी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, विनंती करावी लागते. तिलाच सिस्टिम कॉल म्हणतात. या कॉलला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. ६४-बिट इंटेल-एएमडी चिपवर १ म्हणजे 'राइट'. ३२-बिट इंटेलवर तोच १ म्हणजे 'एक्झिट', आणि ६४-बिट आर्मवर 'आयओ-डिस्ट्रॉय'. ६४-बिट आर्म आणि रिस्क-फाइव्ह या चिपांवर 'राइट'चा क्रमांक ६४ आहे.

हे क्रमांक वाचून माणसाला कळेल असं लिहिण्याचं काम 'एसट्रेस' करतं. १९९१ मध्ये पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ते सनओएससाठी लिहिलं, पुढे ते लिनक्सवर आलं. 'पीट्रेस' या सोयीमुळे प्रत्येक कॉलच्या आत जाताना आणि बाहेर येताना कर्नल प्रोग्रॅम थांबवतो, आणि तेवढ्यात एसट्रेस रजिस्टरं, म्हणजे चिपमधले छोटे साठे, वाचतं. इंटेलवर क्रमांक आरएएक्समध्ये, आर्म-६४ वर एक्स८ मध्ये, रिस्क-फाइव्हवर ए७ मध्ये. म्हणजे प्रत्येक चिपसाठी वेगळा कोड. लिनक्स ५.३ पासून (२०१९) कर्नल ही माहिती सर्व चिपांसाठी एकाच साच्यात देतो, त्यामुळे हा जाच बराच कमी झाला.

क्रमांक जुळला तरी काम संपत नाही. फाइल कशी उघडायची हे सांगणाऱ्या फ्लॅगमधला अष्टमान (आठ पायाच्या मोजणीतला) ४०००० हा आकडा घ्या: इंटेलवर तो 'ओ-डिरेक्ट' (कॅश टाळून वाचा), आर्मवर 'ओ-डिरेक्टरी' (फक्त डिरेक्टरीच उघडा). नुसत्या आकड्यांचा लॉग एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊन वाचला, तर चूक हमखास.

नेहमी अडवणारी गोष्ट: आर्म-६४ वर जुना 'ओपन' कॉलच नाही, फक्त 'ओपनॲट' आहे. 'फक्त ओपन दाखव' असं एसट्रेसला सांगणारी, इंटेलवर लिहिलेली '-ई ट्रेस=ओपन' ही आज्ञा तिथे निरुपयोगी ठरते. फाइलशी संबंधित सगळेच कॉल हवे असतील तर 'ट्रेस=%फाइल' लिहावं. 'ओपन' आणि 'ओपनॲट' हे दोनच हवे असतील तर 'ओपन'च्या आधी प्रश्नचिन्ह लावावं, म्हणजे तो कॉल नसला तरी तक्रार येत नाही. प्रोग्रॅमने सुरू केलेल्या मुलं-प्रोसेस असतील तर त्यांचाही माग काढणारा '-एफ' विसरू नये. अर्धा लॉग गायब होण्याचं कारण बहुधा तेच असतं. वेळ विचारणारा 'क्लॉक-गेटटाइम' मात्र बहुतेकदा दिसतच नाही. तो व्हीडीएसओमधून, म्हणजे कर्नलने प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवलेल्या छोट्या कोडमधून, कर्नलमध्ये न शिरताच उरकतो.

हातात आर्मचं यंत्र नसेल तर दुसऱ्या चिपचा प्रोग्रॅम चालवून दाखवणाऱ्या 'क्यूएमू'चा युजर-मोड वापरता येतो. पण तिथे आतून एसट्रेस चालवू नये, कारण हा मोड पीट्रेस पुरवत नाही. बाहेरून एसट्रेस लावलं तर खुद्द क्यूएमूचे, म्हणजे इंटेलचे कॉल दिसतात. क्यूएमूलाच '-एसट्रेस' हा पर्याय द्यावा. त्याचं वर्णन त्रोटक असतं, पण कॉल मूळ प्रोग्रॅमचे असतात.

लायब्ररीतल्या फंक्शनांचा माग काढणारं 'एलट्रेस' याहून नाजूक. ते पीएलटी या, लायब्ररीतल्या फंक्शनांकडे नेणाऱ्या उडी-तक्त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅमला थांबवणारी सूचना, पेरतं. इंटेलवर ब्रेकपॉइंट १ बाइटचा, आर्म-६४ वर ४ बाइटचा, ३२-बिट आर्मच्या थम्ब मोडमध्ये २ बाइटचा. रुंदी चुकली तर शेजारची सूचना बिघडते आणि प्रोग्रॅम कोसळतो. शिवाय इंटेलवर थांबल्यावर प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) एक बाइट पुढे गेलेला असतो, तो मागे घ्यावा लागतो. आर्म-६४ वर तो जागच्या जागी असतो.

एलट्रेसने शेवटची 'एक्झिटेड' ओळ सोडून काहीच दाखवलं नाही, तर त्याला दोष देण्याआधी 'रीडएल्फ -एस' (मोठा S) चालवून '.पीएलटी' विभाग आहे का ते पाहावं. 'नो-पीएलटी' पर्यायाने किंवा स्टॅटिक पद्धतीने (लायब्ररी आतच घालून) बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये ब्रेकपॉइंट लावायला जागाच उरत नाही. डायनॅमिक लायब्ररी असेल तर 'बीपीएफट्रेस' या माग काढणाऱ्या साधनातून सी भाषेच्या लायब्ररीतल्या (लिबसी), मेमरी मागणाऱ्या 'मॅलॉक' फंक्शनवर युप्रोब हा कर्नलचा प्रोब लावता येतो. प्रोब थेट फंक्शनवर बसतो, त्यामुळे पीएलटीची गरज नाही, आणि 'आर्ग०' लिहिलं की फंक्शनला दिलेली पहिली किंमत आरडीआय रजिस्टरमध्ये आहे की एक्स० मध्ये हे बीपीएफट्रेसच ठरवतो. फक्त त्याला रूटचा, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचा, हक्क लागतो.