पार्श्वभूमी : शिक्का मुंबईचा, परवाना राज्याचा

सेन्सॉरचा वाद निघाला की सगळ्यांचं बोट मुंबईकडे, चित्रपट तपासणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे जातं. इंदूर-ग्वाल्हेरकडचे वाद मात्र बहुतेक वेळा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सुरू होतात, कारण घटनेनं हा विषय दोन ठिकाणी वाटून दिला आहे. चित्रपटाला प्रदर्शनाची मंजुरी देणं केंद्र सूचीत (नोंद 60) आहे. सिनेमागृहं राज्य सूचीत (नोंद 33) आहेत आणि तीही नोंद 60 च्या अधीन राहून. म्हणून प्रमाणपत्र 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मिळतं, तर थिएटरचा परवाना राज्याच्या कायद्याखाली.

संस्थानी काळात ही विभागणी अजून सैल होती. 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा ब्रिटिश इंडियापुरता होता. 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली, पण होळकर आणि शिंदे सरकारांची हद्द त्या कायद्याबाहेर होती. व्यवहारात फरक फारसा पडत नसावा, कारण ज्याला धंद्यात आजही ‘सीआय’ (सेंट्रल इंडिया) म्हणतात त्या टापूत प्रिंट यायची ती मुंबईहून, कापूनच. 1949 मध्ये ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) हे वर्ग आले, 1951 मध्ये प्रांतांची मंडळं जाऊन एकच केंद्रीय मंडळ झालं आणि 1983 मध्ये ‘यूए’ची (सर्वांसाठी, पण लहान मुलांबाबत पालकांनी ठरवायचं) भर पडली.

रिळांच्या जमान्यात कट म्हणजे खरोखरच कात्री आणि सिमेंट, म्हणजे फिल्म जोडायचा गोंद. 35 मिमीची 90 फूट फिल्म एका मिनिटात संपते. तिच्या कडेनं जाणारा आवाजाचा पट्टा चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो. त्यामुळे तयार प्रिंटवर चित्र बघून शिवी कापली, तर शिवीची सुरुवात शाबूत राहते आणि पुढच्या निरपराध वाक्याचं डोकं उडतं. जुन्या प्रेक्षकांना आठवणारा तो ‘धप्’ आवाज असल्याच जोडाचा. कट सुचवलेल्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असतो आणि कुठून किती गेलं याची यादी दुसऱ्या भागात. पडद्यावर पहिलाच भाग दिसत असल्यामुळे ती यादी प्रेक्षक कधी वाचत नाही. उलटा प्रकारही चालायचा. मंजूर प्रिंटमध्ये भलतेच ‘तुकडे’ जोडायचे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे.

न्यायालयांची भूमिका तुलनेनं सरळ आहे. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पूर्वपरीक्षण, म्हणजे प्रदर्शनाआधीची तपासणी, वैध ठरवलं. 1989 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीवरून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे.

या तत्त्वाची इकडे खरी परीक्षा झाली ती राजपूत संघटनांनी विरोध केलेल्या ‘पद्मावत’च्या (आधीचं नाव ‘पद्मावती’) वेळी. नोव्हेंबर 2017 मध्ये मंडळानं अर्ज अपूर्ण म्हणून परत केला होता. कथा काल्पनिक की ऐतिहासिक, हा रकाना रिकामा होता. म्हणजे चित्रपट अजून तपासलाही गेला नव्हता, आणि त्याच महिन्यात मध्य प्रदेशात तो लागणार नाही अशी घोषणा झाली. न पाहिलेल्या चित्रपटावर शांतताभंगाचा अंदाज कशाच्या आधारे बांधला, याचं उत्तर कुणी दिलं नाही. डिसेंबरअखेर नाव बदलणं, खुलासा घालणं आणि एका गाण्यात फेरफार करणं या अटींवर ‘यूए’ देण्याचं ठरलं. 18 जानेवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरात आणि राजस्थानच्या बंदीला स्थगिती दिली, इतर राज्यांनाही असे आदेश काढायला मनाई केली. मध्य प्रदेश आणि राजस्थाननं फेरविचार मागितला, तोही 23 तारखेला फेटाळला गेला. चित्रपट 25 ला देशभर लागला. इथे मात्र नाही, कारण मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेनं मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि गोव्यात तो न दाखवण्याचं आधीच जाहीर केलं होतं. सरकारी बंदी असती तर तिला आव्हान देता आलं असतं. ‘आम्हीच लावत नाही’ म्हणणाऱ्या मालकाविरुद्ध दाद कुठे मागायची? आमच्या मते त्या सबंध प्रकरणातला सर्वांत कमी चर्चिलेला मुद्दा हाच.

2023 च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले, प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही काढून टाकली. दारावर यावरून उगाच हुज्जत होते. हे आकडे पालकांसाठी आहेत. 14 वर्षांच्या मुलाला 16+ ला सोडायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं, डोअरकीपरनं नव्हे. वयाची सक्ती फक्त ‘ए’ला आहे, आणि तिथेही पालकांसोबतचं तीन वर्षांखालचं मूल असेल तर कायदा तो गुन्हा मानत नाही.

निर्मात्यांना जास्त झोंबलं ते 2021 मध्ये. मंडळाविरुद्ध अपील ऐकणारं न्यायाधिकरण बंद झालं. आता एका संवादासाठीही थेट उच्च न्यायालय. मध्य प्रदेशात मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाही, नऊपैकी एकही. त्यामुळे इथून मराठी चित्रपट काढणारा आधी मुंबईच्या फेऱ्या मारतो आणि कट आला की तारीख, थिएटरं, वकिलाची फी यांचा हिशेब मांडून मुकाट्यानं कट घेतो.