सोडायच्या माशासाठी जाळी निवडताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सोडायचाच, तर गरवायला जायचं कशाला?" दुकानात कुणी मासा सोडण्यासाठी जाळी मागितली की शेजारी उभा असलेला एखादा हे हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. आपण मासा घरी नेण्यासाठीच गरी टाकतो, आणि नेऊ नका असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण लागलेला प्रत्येक मासा नेण्याजोगा नसतो. वीतभर तांबोशी लागते, कोवळा हेकरू लागतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायच्या माशाचा किमान आकार ठरवून दिला. जिताड्याची, म्हणजे मालवणकडच्या चोणकाची, गोष्ट आणखी वेगळी. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. त्यामुळे खाडीत लागणारा सगळ्यात थोराड जिताडा बहुतेक वेळा मादी असते. मिरगाच्या तोंडावर अशी मादी लागली तर ती परत पाण्यात जावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ती जगते की नाही, हे बरंचसं शेवटच्या दोन मिनिटांत ठरतं. मासा काठाशी आला, दमला, आणि आता त्याला धरायचं कशाने? हे पत्रक त्या दोन मिनिटांसाठी आहे.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जयगडच्या बाजूला शास्त्री नदीच्या खाडीत मला साडेसहा किलोचा जिताडा लागला. जबड्यात ग्रिपर, म्हणजे मासा तोंडाला धरायचा चिमटा, अडकवला, उभा लटकवला, वजन केलं, दोन फोटो काढले आणि सोडला. पाण्यात जाताच तो कुशीवर झाला. भरतीच्या ओढीबरोबर त्याचं पांढरं पोट खाडीत आत आत सरकत गेलं. आम्ही बराच वेळ बघत उभे होतो. तोपर्यंत मी तोच ग्रिपर गिऱ्हाइकांना "सोडण्यासाठी उत्तम" म्हणून देत होतो.

ऑस्ट्रेलियात नेमका जिताड्यावरच या ग्रिपरचा अभ्यास झाला आहे, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रिपरमुळे माशाच्या तोंडाला इजा होते, खालच्या जबड्यातली पातळ कातडी फाटते, असं त्यात दिसलं. शिवाय मोठा मासा उभा टांगला की अख्ख्या देहाचं वजन जबड्यावर आणि कण्यावर येतं. पाण्यात त्याला ते कधीच पेलावं लागत नाही. ग्रिपर आम्ही आजही ठेवतो, कारण जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं बोट कापतं आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर रात्रभर ठणकतो. पण तो तोंड स्थिर धरून गळ काढण्यापुरता वापरा, मासा पाण्यात आडवा असताना. उचलायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच.

आता जाळी. दुकानात आलात की काउंटरवर दोन जाळ्या ठेवलेल्या दिसतील, एक गाठींची नायलॉनची आणि एक रबरी. दोन्ही मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. नायलॉनच्या गाठी लगेच बोचतात, लाल ओरखडा उठतो. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगजंतूंपासून रक्षण करतो आणि खाऱ्या-गोड्या पाण्यात अंगातल्या क्षाराचा तोल राखायलाही मदत करतो. मासा जाळीत तडफडला की गाठी हा थर खरवडतात, खवले उडवतात. शेपटीचा पर जाळीच्या डोळ्यातून बाहेर येऊन चिरतो. असा मासा झटकन पोहून गेला तरी पुढे जखमेवर बुरशी धरू शकते, आणि आपल्याला ते कधी कळतही नाही.

म्हणून जाळी बिनगाठींची घ्या, शक्यतो रबरी किंवा रबराचा लेप दिलेली. डोळा लहान असावा, म्हणजे शेपटी आणि पर आरपार जाणार नाहीत. बूड सपाट असावं, त्यात मासा आडवा राहतो. खोल, टोकदार झोळीत तो वाकून दुमडतो. रबरी जाळीचा आणखी एक फायदा अनुभवाने कळला. तीन तोंडांचा गळ नायलॉनमध्ये असा गुंततो की तो सोडवण्यात पाच मिनिटं जातात, आणि शिंगाळ्याच्या करवतीसारख्या काट्यांचंही तेच. रबरातून दोन्ही सहज निघतात. तोटा एकच, पण तो सांगायला हवा. ही जाळी जड असते आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, जोरात पाणी तिला ओढतं. हलका, लांबलचक दांडा तिच्यासाठी घेऊ नका, वाकतो.

मापाचं गणित तुम्ही कुठे उभे राहता त्यावर आहे. होडीतून किंवा कमरेएवढ्या पाण्यातून गरवत असाल तर आखूड दांडा बरा, हाताच्या कोपराएवढा. मिऱ्याच्या किंवा गुहागरकडच्या कातळावरून गरवत असाल तर दीड-दोन मीटरचा दांडा लागतोच. त्याहून कमी लांबीचा घेतलात तर वाकून वाकून शेवाळावर पाय घसरेल, आणि मासा सोडण्यापेक्षा तुमचा जीव मोठा. रिंग मात्र लागणाऱ्या सगळ्यात मोठ्या माशाच्या हिशोबाने घ्या. जिताड्यासाठी साठ-सत्तर सेंटिमीटरच्या खाली येऊ नका. मोठ्या जाळीत लहान मासा नीट राहतो, लहान जाळीत मोठा जिताडा अर्धा बाहेर लोंबतो.

उंच धक्क्यावरून गरवणाऱ्यांसाठी दोरीने खाली सोडायची गोल जाळी येते. ती चालवायला दोन माणसं लागतात, एक गरीच्या दांडीवर आणि एक जाळीच्या दोरीवर. एकटे जात असाल तर ती घेऊ नका, त्यापेक्षा जेट्टीच्या पायऱ्या किंवा होड्या ओढायचा उतार आधी हेरून ठेवा आणि मासा तिथवर चालवत न्या. तंगुसावर, म्हणजे गरीच्या नायलॉनच्या दोऱ्यावर, टांगून चार मीटर वर ओढलेला मासा सोडण्यात अर्थ नाही.

गॅफ, म्हणजे दांड्याचा टोकदार आकडा, फक्त नेण्याच्या माशासाठी. सुरमईला होडीत घ्यायला त्याच्यासारखं काही नाही. पण "ओठात हळूच लावतो आणि सोडतो" हे ऐकून कुणाला तो देण्याचं आम्ही बंद केलंय. लाटेवर होडी हलते आणि टोक कल्ल्यात जातं.

जाळी घेतल्यावरची गोष्ट थोडक्यात. मासा दिसण्याआधीच जाळी ओली करून पाण्यात स्थिर धरा आणि माशाला डोक्याच्या बाजूने तिच्यावर आणा. शेपटीमागून जाळी घेऊन धावलात की तो उसळणारच. आत आला की उचलू नका. जाळी पाण्यातच ठेवा, ओल्या हाताने, पक्कडीने गळ काढा. गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला असेल तर तो क्षणात निघतो. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस कापा. फोटो हवा असेल तर मित्राला मोबाइल तयार ठेवायला सांगा, मग मासा वर घ्या आणि त्याच वेळी स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला कोंडल्यासारखं झालं की त्यालाही पाण्यात जायचं असतं. कोरडं फडकं, गोणपाट, तापलेला कातळ, यांवर मासा ठेवू नका. वजन जाळीसकट करा, मग ओल्या जाळीचं वजन वजा करा.

सोडताना तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी आधार द्या. पुढे-मागे घुसळू नका, मागे ओढल्याने कल्ल्यांत पाणी उलटं जातं. त्याने स्वतः शेपटी मारली की हात सोडायचे. एप्रिल-मेच्या दुपारी उथळ खाडीत पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी, तेव्हा थोडा जास्त वेळ लागेल. घाई करू नका.

होडीतून खोल पाण्यात हेकरू गरवणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. खालून भरभर वर आणलेल्या हेकरूच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा वर सोडला तर तरंगतच राहतो. ते जठर टोचू नका. वजन लावलेला, काटा नसलेला उलटा गळ त्याच्या ओठात अडकवून त्याला खाली उतरवा आणि झटका द्या, मासा सुटतो. हे साधन आम्ही जोडून देतो, शिसं तुमचं तुम्ही आणलंत तरी चालेल.

घरी आल्यावर जाळी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः दांड्याचे सांधे, कारण ॲल्युमिनियमला खारं पाणी पांढरे खड्डे पाडतं. वाळवायची सावलीत, उन्हात रबर चिरतं. आणि जुन्या जाळीची रिंग आणि दांडा धड असेल तर नवीन संच घेऊ नका. रिंग घेऊन या, आम्ही त्यावर रबरी जाळी चढवून देतो. सगळी रिंग आणणं जमत नसेल तर तिचा घेर दोरीने मोजून आणा, म्हणजे एक हेलपाटा वाचेल.