कार्यस्थळ-अध्ययन व लवचिक प्रशिक्षण

नोकरी चालू असतानाच, कामाच्या जागी किंवा कामाला जोडून कौशल्य मिळविण्याची प्रक्रिया. शिकण्याची वेळ, जागा व गती शिकणाऱ्याच्या सोयीने ठरत असल्यास तिला लवचिक प्रशिक्षण म्हणतात. उमेदवारी, म्हणजे जाणत्या कारागिराच्या हाताखाली काम करत शिकणे, हे कार्यस्थळ-अध्ययनाचे जुने रूप. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारीची मुदत किमान सात वर्षे ठरविली होती.

लवचिक प्रशिक्षणाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. मार्च १७२८ मध्ये ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये कॅलेब फिलिप्स या लघुलिपी-शिक्षकाची जाहिरात आली, परगावच्यांना दर आठवड्याला धडे पाठविण्याची तयारी तीत होती. अनेक संदर्भग्रंथ पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ येथूनच धरतात. मात्र विद्यार्थ्यांचे पाठ तपासून परत जात, असे त्या जाहिरातीवरून दिसत नाही. इंग्रज लघुलिपीकार आयझॅक पिटमन यांनी १८४० च्या सुमारास, इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झाल्यावर, विद्यार्थ्यांनी लघुलिपीत उतरविलेले उतारे मागवून दुरुस्त करून परत पाठविले. शिकणाऱ्याला स्वतःची चूक कळणे हा प्रशिक्षणाचा गाभा असल्याने पिटमन यांच्याकडे आरंभाचा मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे थॉमस फॉस्टर यांनी कोळसा-खाणकामगारांसाठी टपाली अभ्यासक्रम काढला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांतील मुकादमांसाठी चार पायऱ्यांची पद्धत रूढ केली: शिकणाऱ्याची तयारी, दाखविणे, करून घेणे व पाठपुरावा. तिचे मूळ पहिल्या महायुद्धात अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ चार्ल्स ॲलन यांनी जहाजबांधणीसाठी बसविलेल्या पद्धतीत आहे. ते आणखी मागे, जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अध्यापनविचारापर्यंत नेणारेही अभ्यासक आहेत. मुकादमांच्या वर्गात उदाहरणाला विजेच्या वायरची गाठ घेत. प्रशिक्षक ती आधी नुसती तोंडी समजावी. ऐकणाऱ्याला जमत नसे. मग न बोलता बांधून दाखवी. तेही पुरत नसे. शेवटी एकेक पायरी दाखवून, मेख कोठे आहे ते सांगून, तो शिकणाऱ्याकडूनच गाठ बांधून घेई आणि प्रत्येक पायरीचे कारण त्याच्याच तोंडून वदवी.

व्यवस्थापक बहुतांश कामातूनच शिकतात, असे सांगणारे ७०:२०:१० हे प्रमाण (७० टक्के कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के औपचारिक वर्गांतून) लोकप्रिय आहे. पण ते व्यवस्थापकांच्या स्वतःच्या आठवणींवर बेतलेले असल्याने त्यातील आकडे काटेकोर मानू नयेत. जीन लेव्ह व एटिएन वेंगर या अभ्यासकांचे कामातून शिकण्याविषयीचे १९९१ चे विवेचन अधिक सखोल आहे. त्यात लायबेरियातील शिंप्यांचे उदाहरण येते. तेथे उमेदवार आधी काजे-बटणे व इस्त्री, मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे शिकतो. बेतताना चुकले तर कापड वाया जाते, शिवण मात्र उसवता येते.