मँडरिन मासा: देखणा, पण खाण्यापिण्याचा हट्टी

समुद्री मासे पाळणाऱ्याला मँडरिन माशाची भुरळ पडली नाही, असं सहसा होत नाही. जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा जीव, पण गडद निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे, चेहऱ्यावर हिरवट छटा आणि पंख्यासारखे पसरणारे पर. हाच मासा नवख्यांच्या टँकमध्ये बऱ्याचदा काही आठवड्यांतच मरतो, आणि तोही रोगाने नव्हे, उपासमारीने.

सिंकिरोपस स्प्लेंडिडस हे त्याचं शास्त्रीय नाव. अल्बर्ट हेरे या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७ साली फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पश्चिम प्रशांत महासागरात तो आढळतो. किनाऱ्याजवळच्या उथळ, संथ पाण्यात, प्रवाळाच्या फांद्यांमध्ये आणि तुटक्या प्रवाळाच्या ढिगाऱ्यांत त्याचा मुक्काम असतो.

त्याचा निळा रंग तर प्राणिसृष्टीतलं एक दुर्मीळ प्रकरण आहे. बहुतेक निळ्या माशांच्या अंगात निळं रंगद्रव्य नसतंच. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि आपल्याला निळा भास होतो. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. माशांमध्ये अशा पेशी मँडरिन आणि त्याचा ठिपकेदार भाऊबंद सिंकिरोपस पिक्चुरेटस अशा अगदी मोजक्या जातींतच सापडल्या आहेत.

या माशाला खवले नाहीत. त्याऐवजी अंगभर जाड, उग्र वासाचा, कडू चिकट थर असतो. त्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि टँकमधल्या माशांना सतावणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा त्रासही त्याला तुलनेने कमी होतो. म्हणजे प्रकृतीने मासा नाजूक नाही. घोडं अडतं ते खाण्यापाशी.

मँडरिन खात असताना जरा निरखून पाहा. तो खडकालगत हळूहळू सरकतो, मध्येच थबकतो, डोळे फिरवून दगडावरचा एखादा कण न्याहाळतो आणि इवलंसं तोंड पुढे काढून तो टिपतो. लगेच पुढचा कण. जागेपणी त्याचा बहुतेक वेळ यातच जातो. त्याचं मुख्य अन्न म्हणजे कोपेपॉड, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव. समुद्रातून पकडून आणलेला मँडरिन दाणेदार खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दिवसातून दोनदा खाद्य टाकून भागेल, ही समजूतच त्याच्या जिवावर बेतते.

म्हणून नव्या टँकमध्ये हा मासा सोडूच नये. टँक निदान वर्षभर तरी मुरलेला हवा आणि त्यात जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेला भरपूर खडक हवा. खडक पुरेसा नसेल तर एकटा मँडरिनसुद्धा तिथले कोपेपॉड खाऊन संपवतो आणि मग हळूहळू वाळत जातो. मुख्य टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत शेवाळ वाढवून तिथे कोपेपॉडांची पैदास केली, तर पुरवठा चालू राहतो. त्याच खाद्यावर टपलेले छोटे रॅस जातीचे मासे सोबत ठेवू नयेत. दोन नर तर एकत्र ठेवूच नयेत, ते एकमेकांचा जीव घेतात. पाठीवरच्या पहिल्या पराचा लांब काटा ही नराची खूण.

नर-मादीची जोडी जमली तर संध्याकाळी ती पोटाला पोट लावून खडकावरून वर येते आणि वरच अंडी सोडते. अंडी पाण्यावर तरंगत जातात. आईबाप त्यांची काळजी घेत नाहीत. पिल्लं फार बारीक असल्याने ती जगवणं कठीण, तरीही आता टँकमध्येच जन्मलेले मँडरिन विक्रीला येऊ लागले आहेत. मला विचाराल तर घ्यायचाच असेल तर असाच घ्यावा. त्यातले बरेचसे लहानपणापासून गोठवलेलं किंवा दाणेदार खाद्य खायला शिकलेले असतात, आणि प्रवाळखडकांवरचा एक मासाही वाचतो.

विकत घेताना रंगावर जाऊ नका. मासा वरून आणि बाजूने पाहा. डोक्यामागचा भाग आत ओढलेला दिसत असेल, पोट खपाटीला गेलं असेल, तर तो बरेच दिवस उपाशी आहे आणि त्यातून सावरणं त्याला अवघड जातं. तुमच्यासमोर त्याला खाऊ घालायला सांगा. तो खात नसेल तर घेऊ नका.