बहुवारिकांचे सूक्ष्मजैविक विघटन

जीवाणू व कवके यांच्या एंझाइमांमुळे लांब साखळीच्या रेणूंचे लहान रेणूंत होणारे रूपांतर. बहुवारिकाचा रेणू पेशीत शिरण्याइतका लहान नसल्याने एंझाइमे सामान्यतः पेशीबाहेर स्रवतात, साखळी तेथेच तुटते आणि सुटलेले आखूड तुकडे पेशी शोषून घेते. त्यांतील कार्बनापासून नवे जीवद्रव्य, कार्बन डाय-ऑक्साइड आणि ऑक्सिजनाच्या अभावी मिथेनही बनतो. वस्तूचा नुसता चुरा होणे या संज्ञेत येत नाही.

सेल्युलोजावर एंझाइमांचे तीन गट मिळून काम करतात : एक साखळीला मध्येच छेद देतो, दुसरा टोकाकडून सेलोबायोज (दोन ग्लुकोजांची जोडी) सोडवतो, तिसरा त्याचे ग्लुकोज करतो. जलीय विच्छेदनाने (पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने बंध तुटण्याने) एवढे पुरेसे घडते असे दीर्घकाळ मानले जाई. २०१० नंतर स्फटिकी भाग ऑक्सिडीकरणाने उसवणाऱ्या तांबेयुक्त एंझाइमांचा वाटाही मान्य झाला. या अभ्यासातील प्रमुख कवक ट्रायकोडर्मा रीसी हे दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती कापडावर आढळले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना याच प्रजातीतील अन्य जाती रोगकारक बुरशींविरुद्ध व कंपोस्टासाठी परिचित आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीतील पक्व काड्या मात्र पाल्यापेक्षा सावकाश कुजतात, कारण त्यांतील सेल्युलोज लिग्निनाने (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या बहुवारिकाने) वेढलेले असते. लिग्निनावर मुख्यतः श्वेतकुज कवकांची ऑक्सिडीकारक एंझाइमे चालतात. त्यांपैकी लिग्निन पेरॉक्सिडेजाचे वर्णन १९८३ मध्ये झाले.

कृत्रिम बहुवारिकांत नायलॉनाविषयीचा वाद विशेष उद्‌बोधक आहे. १९७५ च्या सुमारास जपानमध्ये नायलॉन-६ च्या कारखान्याच्या सांडपाण्याशी संबंधित एका जीवाणूचे वर्णन झाले. त्यास प्रथम फ्लेव्होबॅक्टेरियम व पुढे आर्थ्रोबॅक्टर प्रजातीत घालण्यात आले. नायलॉन-६ हा विसाव्या शतकातील पदार्थ असल्याने त्याच्या उपउत्पादनांवर चालणारे एंझाइम आले कोठून, हा प्रश्न उभा राहिला. जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओनो यांनी १९८४ मध्ये असे सुचवले की, जुन्या जनुकातील वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांच्या गटांत जनुक वाचण्याची मांडणी) सरकून पूर्णतः नवे प्रथिन जन्मले. सेइजी नेगोरो व सहकाऱ्यांनी पुढे स्फटिकरचनेवरून दाखवले की, या एंझाइमाची घडी बीटा-लॅक्टमेज कुलातील एस्टरेजांसारखी (एस्टर बंध तोडणाऱ्या एंझाइमांसारखी) आहे. त्याचे जनुक ज्या प्लाझ्मिडावर (जीवाणूतील मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या डीएनएवर) आहे, त्यावरच त्याच्या एका दुर्बळ भावंडाचेही जनुक असून, एकूण ३९२ ॲमिनो अम्लांपैकी ४६ ठिकाणी दोहोंत फरक आहे. त्यांतील दोनच बदलांनी भावंडाची क्रियाशीलता जवळजवळ मूळ एंझाइमाइतकी वाढते. नव्या जन्मापेक्षा जुन्या एस्टरेजाचे रूपांतर मानणारा हा पक्ष अधिक सबळ दिसतो. ‘नायलॉन खाणारा जीवाणू’ हे लोकप्रिय वर्णन मात्र सैल आहे : तो वाढतो आखूड उपउत्पादनांवर, धाग्यावर नव्हे. संक्रांतीनंतर येवल्यात झाडांवर लटकणारा नायलॉन मांजा त्याच्या आवाक्याबाहेरचाच.

पीईटीवर (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकवर) वाढणारा इडिओनेला साकायेन्सिस हा जीवाणू जपानमधील साकाई येथील नमुन्यांतून मिळाला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३०° से. तापमानास कमी स्फटिकी पातळ फिल्म त्याने सुमारे सहा आठवड्यांत विघटित केली. बाटलीचे प्लॅस्टिक अधिक स्फटिकी असल्याने ते त्याला सहज दाद देत नाही.

पॉलिएथिलिनाच्या साखळीत केवळ कार्बन-कार्बन बंध असल्याने जलीय विच्छेदनास जागाच नसते. ऊन व उष्णता यांनी आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते. त्याच्या विघटनाचे केवळ वजनातील घटीवर आधारलेले दावे सावधपणे घ्यावेत, कारण प्लॅस्टिकमधील इतर मिश्रके निघून गेली तरी वजन घटते. कार्बन-१४ ने खूण केलेल्या नमुन्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मोजणे अधिक विश्वसनीय होय. नाशिक जिल्ह्यातील शेततळ्यांच्या ज्या अस्तराला शेतकरी ‘कागद’ म्हणतात, ते बहुधा याच पदार्थाचे असते. खऱ्या कागदातील सेल्युलोजाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे.