रॉड्रिग्ज आणि रॉड्रिगेझ: स्पॅनिश आडनाव वेगळं, स्पॅनिश पूर्वज वेगळा

जहाजावर रुजू झालं की आधी हातात येते ती क्रू लिस्ट. माझ्या एका जहाजाच्या यादीत दोन नावं एकाखाली एक होती. भंडारी, म्हणजे चीफ कुक, गोव्यातल्या सासष्टीचा रॉड्रिग्ज. बोसन, ज्याला आपल्याकडचे जुने खलाशी सारंग म्हणायचे, तो फिलिपिन्सच्या आल्बाय प्रांतातला रॉड्रिगेझ. रोमन लिपीत दोघांच्या आडनावात फरक शेवटच्या अक्षराचा, एकाला 'एस' आणि दुसऱ्याला 'झेड'. इंजिन रूममधल्या पोरांनी परस्पर निकाल लावून टाकला होता: भंडाऱ्याचा खापरपणजोबा पोर्तुगीज, सारंगाचा स्पॅनिश.

भंडाऱ्याला हे ऐकून वाईट वाटायचं. त्याचं घराणं गावच्या कोमुनिदादीतल्या (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतल्या) गांवकारांपैकी, म्हणजे मूळ हक्कदारांपैकी, आणि आपण कुठल्या वांगडाचे, म्हणजे कुळाचे, हे त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणीच सांगून ठेवलेलं. सारंगाला मात्र पोरांचं म्हणणं पटायचं, कारण त्याच्या घरीही तेच सांगत आले होते. पुढे तो सुट्टीवर गेला की जुने कागद शोधायला लागला, आणि त्याच्या नादाने मीही या विषयात ओढला गेलो.

खरं तर मराठी माणसाला हा घोटाळा लगेच उमगायला हवा. दोन कुलकर्णी भेटले म्हणून आपण त्यांना भाऊबंद समजत नाही. कुलकर्णीपण हे वतन होतं, गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे. पाटील, देशमुख, देशपांडे यांचंही तेच. म्हणून तर सोयरीक जुळवताना आपण आडनावावर न थांबता मूळ गाव, देवक, कुलदैवत विचारतो. आडनाव परदेशी असलं की ही सवय कुठे जाते, कोण जाणे.

फिलिपिन्समध्ये लेगास्पी या स्पॅनिश सरदाराचा तांडा १५६५ मध्ये सेबूला उतरला, १५७१ मध्ये मनिला राजधानी झाली आणि स्पेनचा अंमल १८९८ पर्यंत राहिला. तीनशे तेहतीस वर्षं. पण या सगळ्या काळात तिथे जाऊन राहिलेली स्पॅनिश माणसं थोडीच, आणि तीही बहुतेक मनिलाच्या कोटात. दूरच्या खेड्यात स्पॅनिश माणूस म्हणजे बहुधा एकटा पाद्री. बाप्तिस्म्याच्या वेळी तो नाव देई, आणि आडनावाच्या जागी लोक धर्मातलेच शब्द लावत: दे ला क्रूस, दे लोस सांतोस, देल रोसारियो. एकाच बापाच्या तीन मुलांची तीन आडनावं, आणि शेजारच्या दहा घरांत दहा दे ला क्रूस. डोईपट्टी वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने हा गोंधळच होता.

तो निस्तरायला गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फर्मान काढलं. आडनावांची एक जाडजूड यादी छापली गेली, कातालोगो आल्फाबेतिको दे आपेयीदोस, म्हणजे आडनावांची अकारविल्हे यादी. तिच्यात सुमारे ६० हजार आडनावं होती. स्पेनमधली आडनावं होतीच, शिवाय झाडांची, खनिजांची, गावांची नावं, स्वभावाचे गुण, आणि स्थानिक भाषांमधले शब्दही होते. यादीची पानं प्रांतांना वाटली गेली आणि तिथून गावांना. गावच्या वाट्याला जे पान आलं त्यातून घरटी एकेक आडनाव निवडायचं. आल्बायमधल्या ओआस गावी आजही इतकी आडनावं 'आर' अक्षराने सुरू होतात की त्या पानाची कल्पना यावी. आमचा सारंग त्याच गावचा. त्याचं रॉड्रिगेझ हे 'आर'च्या पानावरून आलेलं.

सगळ्यांनाच नाव बदलावं लागलं असं नाही. चार पिढ्या एकच आडनाव चालत आल्याचं दाखवू शकणाऱ्या घराण्यांना ते ठेवता आलं. मनिलाजवळच्या तोंदोचा जुना सरदार लाकांदुला याच्या वंशजांचं आडनाव असंच टिकलं. म्हणजे गंमत बघा, जुन्यातलं जुनं खानदानी आडनाव तिथे देशी असतं आणि स्पॅनिश आडनाव पुष्कळदा १८४९ मधलं असतं.

(याच क्लाव्हेरियाने ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस फिलिपिन्सच्या दिनदर्शिकेतून काढून टाकला. स्पॅनिश लोक मेक्सिकोहून पश्चिमेकडे येत तिथे पोचले होते, त्यामुळे तिथली तारीख आशियाच्या मानाने एक दिवस मागे चालायची. ३० डिसेंबर सोमवारी संपला आणि बुधवारी १ जानेवारी १८४५ उजाडला. फिलिपिन्समधल्या एखाद्या वंशावळीत जन्मतारीख ३१ डिसेंबर १८४४ दिसली, तर ती पुन्हा तपासायची.)

आडनावाने कसा चकवा बसतो याचं ठळक उदाहरण म्हणजे फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल. त्यांच्या घराण्याचं जुनं आडनाव मेर्कादो, शुद्ध स्पॅनिश शब्द, अर्थ बाजार. पण पितृघराण्याचा मूळपुरुष दोमिंगो लामको हा चीनमधल्या फुजियान प्रांतातून आलेला व्यापारी होता. बाजाराशी नातं म्हणून मेर्कादो. नुसत्या आडनावावर विसंबलो असतो तर आपण माद्रिदकडे गेलो असतो, आणि खरी वाट होती फुजियानची.

मग स्पॅनिश पूर्वज शोधायचा कुठे? चर्चच्या दफ्तरात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वेगळ्या वह्या असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं आणि आईबापांचं नाव असतं, कुटुंब कुठल्या काबेसा दे बारांगायच्या हाताखाली आहे ते असतं (हा आपल्या जुन्या गावकामगारासारखा, कर गोळा करणारा), आणि धर्मपित्याचं नाव असतं. १८४९ च्या अलीकडे-पलीकडे मुख्य अडचण सांधा जुळवण्याची. अलीकडचा हुआन रॉड्रिगेझ पलीकडे हुआन दे ला क्रूस असतो, आणि पलीकडे तसे वीस हुआन असतात. तेव्हा बायकोचं नाव, मुलांचा क्रम, काबेसा आणि धर्मपिता अशी चार टोकं जुळली तरच तो आपला माणूस. सारंगाला पितृघराण्याचा हा एक सांधा जोडायला दोन सुट्ट्या लागल्या. पलीकडच्या वहीत त्याला जे घर सापडलं ते 'नातुराल', म्हणजे तिथल्याच मातीतल्या लोकांचं होतं. त्याच्या रॉड्रिगेझमागे एकही स्पॅनिश माणूस नव्हता.

त्या नोंदीत एका पूर्वजाच्या नावाआधी 'दोन' (Don, स्पॅनिशमधली आदराची पदवी) लावलेलं बघून तो आधी हरखला होता. पण हा मान गावच्या देशी प्रतिष्ठितांनाही असे, काबेसा आणि त्याच्या घरच्यांना तर हमखास. आपल्याकडच्या 'राव'सारखाच तो. त्यावरून वंश ठरत नाही. वंशासाठी बघायचे ते वेगळे शब्द: 'एस्पान्योल' म्हणजे स्पॅनिश, 'मेस्तीसो एस्पान्योल' म्हणजे स्पॅनिश मिश्र रक्ताचा, आणि ज्याला मी सोन्याच्या मोलाचा म्हणेन तो 'नातुराल दे', म्हणजे 'अमुक गावचा', पुढे स्पेनमधल्या एखाद्या गावाचं नाव. नुसतं 'मेस्तीसो' असेल तर घाई करायची नाही. फिलिपिन्समध्ये हा शब्द बहुतेक वेळा चिनी बाप आणि देशी आई यांच्या संततीसाठी वापरला जाई.

आणखी एक. मनिला १८२१ पर्यंत मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या ताब्यातला मुलूख होता, आणि १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर आणि मनिला यांच्यात गलबतं ये-जा करत होती. त्यांतून आलेले शिपाई कागदावर स्पेनचे सैनिक, पण त्यांच्यातले बरेच मेक्सिकोत जन्मलेले आणि मिश्र रक्ताचे होते. घरात सांगितला जाणारा 'स्पॅनिश' पूर्वज असा मेक्सिकन निघाला तर त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मला तर ती जास्त मोठी कहाणी वाटते.

हल्ली लोक आधी डीएनए चाचणीसाठी लाळ पाठवतात. चाचणी उपयोगी आहे, पण तिचं गणित समजून घ्यायला हवं. खापरपणजोबाचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. त्यामागे पिढीगणिक तो निम्मा होत जातो, आणि सात-आठ पिढ्यांमागच्या एखाद्या खऱ्याखुऱ्या पूर्वजाचा अंशही कधी कधी चाचणीत उतरत नाही. शिवाय अहवालातला 'इबेरियन' हा शब्द स्पेन आणि पोर्तुगाल दोघांनाही धरून असतो. तो सैनिक होता की कारकून, कादिझचा की आकापुल्कोचा, हे फक्त वही सांगते.

आता भंडाऱ्याकडे येऊ. पोर्तुगीज आणि स्पॅनिश आडनावं ओळखायची साधी खूण म्हणजे शेवटचं अक्षर. फर्नांडिस, लोपिस, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज यांच्या शेवटी पोर्तुगीजमध्ये 'एस' येतो, स्पॅनिशमध्ये 'झेड'. पण इंग्रजी अमदानीतल्या कारकुनांनी ऐकलं तसं लिहिल्यामुळे मंगळूर आणि केरळकडे पोर्तुगीज वळणाचं आडनावही 'झेड'ने संपलेलं सापडतं. ते बघून स्पेनकडे धावू नये. आणखी एक फसवी जागा म्हणजे १५८० ते १६४० ही साठ वर्षं. तेव्हा स्पेन आणि पोर्तुगालच्या गादीवर एकच राजा होता, म्हणजे गोवा, वसई आणि मनिला एकाच राजाच्या छत्राखाली. तरी गोव्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, त्यामुळे त्या काळाच्या आधारावर गोव्यात स्पॅनिश मूळ काढता येत नाही. उलट स्पेनच्या बाजूचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस गोव्यात आला तो त्याआधी, १५४२ मध्ये, आणि आला तो पोर्तुगालच्या राजाच्या वतीने: नवार्रात जन्मलेला फ्रान्सिस झेवियर.

गोव्यात आणि वसईत आडनाव आलं ते धर्मांतराच्या वेळी, पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून. वसईच्या आगाशी-नाळ्याकडे घरात मराठीच्या बोली बोलणारे परेरा, लोपिस, डिमेलो आहेत, त्यांचंही तसंच. म्हणजे फिलिपिन्ससारखंच, आडनाव राजवटीचं आणि माणूस इथला. पण एक मोठा फरक आहे. फिलिपिन्समध्ये बहुतेकांच्या नावाची साखळी १८४९ च्या एका फर्मानाने तुटली. गोव्यात गांवकारांचे वांगड कोमुनिदादीच्या दफ्तरात चालू राहिले, म्हणून भंडाऱ्यासारख्या माणसाला धर्मांतरापूर्वीचं घर सांगता येतं. मला या गोष्टीचा हेवा वाटतो, कारण आमच्या घरचा कुलवृत्तांतही इतका मागे जात नाही.

पासपोर्टमुळेही हा घोटाळा वाढतो. गोव्याच्या माणसाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं ते स्वतःचा, किंवा आईवडिलांचा नाहीतर आजीआजोबांचा, १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा गोव्यातला जन्म दाखवून. फिलिपिन्सच्या नागरिकाला स्पेनमध्ये दहाऐवजी दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, आडनाव काहीही असो. दोन्हींत रक्ताचा प्रश्न नाही.

सारंगाचं पुढे काय झालं? पितृघराणं देशी निघाल्यावर तो काही महिने गप्प होता. मग मी त्याला म्हटलं, आईकडचं बघितलंस का? स्पॅनिश माणसाच्या नावात दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. आजच्या फिलिपिनो पद्धतीत क्रम उलटा, आईचं माहेर मधे आणि बापाचं शेवटी. जुनी नोंद वाचताना हे विसरलं तर माणूस भलत्याच घरात जाऊन बसतो. सारंगाच्या नावात आईचं माहेर होतं. आईच्या आईचं नव्हतं, आणि तिच्या आईचं तर असणंच शक्य नव्हतं.

आजीचं माहेरचं आडनाव बिकोल भाषेतलं, त्यात स्पॅनिशचा गंधही नाही. पण आजीच्या आईच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली ती १८८० नंतरची. तिच्यात मुलीपुढे 'मेस्तीसा एस्पान्योला', आणि बापापुढे 'नातुराल दे सांतांदेर', म्हणजे स्पेनमधल्या सांतांदेरचा. आल्बाय म्हणजे आबाकाचा मुलूख. ज्या धाग्याचा दोर जगभरच्या जहाजांवर मनिला रोप म्हणून ओळखला जातो, तो तिथे पिकतो. हा माणूस त्याच व्यापारातल्या एका पेढीवर कारकून होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर स्पेनहून तिकडे जाणं सोपं झालं, तेव्हा आलेल्यांपैकी.

ती नोंद सारंगाने मला मेसमध्ये फोनवर दाखवली. शाई फुटलेली, 'सांतांदेर'मधलं एक अक्षर वाळवीने खाल्लेलं. बोलता बोलता तो थांबत होता. ज्या नावाचा अभिमान धरून तो मोठा झाला त्यात स्पेन नव्हता, आणि ज्या आजीने आयुष्यात स्पॅनिशचा एक शब्द उच्चारला नाही तिच्या बाजूने तो निघाला.

आता त्याला सांतांदेरच्या धर्मप्रांताचं दफ्तर बघायचं आहे. ते सांतियाना देल मार या गावी आहे. पत्रात त्याने खापरपणजोबाची दोन्ही आडनावं, जन्माचं अंदाजी वर्ष आणि मुलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत जोडली आहे. केबिनच्या भिंतीवर त्याने वंशावळ चिकटवली आहे. रॉड्रिगेझ या आडनावाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'कातालोगो, १८४९, ओआस'. आजीच्या आईच्या वरचा चौकोन त्याने अजून रिकामा ठेवलाय.