रेंज गेली तरी इअरबड्स वाजतात
बेळगावकडच्या खानापूर भागात एक समज पक्का बसलाय: जांबोटी-कणकुंबीकडे मोबाइलची रेंज गेली की इअरबड्स बंद पडतात. तसं नाही. बड फोनला ब्लूटूथने, म्हणजे बिनतारी जोडलेले असतात आणि त्याला टॉवर लागतच नाही. फोन आणि बड यांच्यात थेट 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी धावतात. रेंजअभावी थांबतं ते ऑनलाइन गाणं. फोनमध्ये उतरवून ठेवलेला अभंग भर जंगलातही ऐकू येतो.

आवाज तुटतो तो बऱ्याचदा आपल्याच अंगामुळे. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, म्हणून मागच्या खिशातला फोन वरच्या खिशात ठेवून बघा.

आणि नव्या फोनला जोडले जात नाहीत म्हणून बड टाकून देऊ नका हो! बहुतेकदा ते घरातल्या जुन्या फोनला आपोआप जोडलेले असतात. आधी त्याचं ब्लूटूथ बंद करा.